उतारशाळेतील दोन दिनार

वाचकहो, मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 अंशांपलीकडे जातो, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ घामाने सतत ओली राहते. दर दोन तासांनी कूस बदलावी, चादर कोरडी असावी, म्हणजे शय्याव्रण टळण्यास मदत होते, हे आपण जाणता. पण रात्री दोन वाजता ती कूस बदलतो कोण? ‘आईला घरीच सांभाळले’ असा लौकिक मुलाचा होतो. उठलेली असते ती बहुधा सून.

निःस्वार्थ प्रेमाला ख्रिस्ती धर्मात सर्वश्रेष्ठ स्थान आहे. मात्र एकाच्या निःस्वार्थपणाची किंमत दुसऱ्याने मोजावी, असे भल्या घरांतही घडते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेच पाहा. हाती येईल ते गरजूला देऊन टाकण्याचा त्यांचा स्वभाव. संसाराची विवंचना मात्र लक्ष्मीबाईंची. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे हसत हसत सांगितले आहे. मला ते हसू थोडे बोचते. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 साली, पतीच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या विचाराने. त्यागाचेही तसेच आहे. तो दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण ऐकला असेल. लुटारूंनी घायाळ केलेल्या परक्या माणसाच्या जखमा त्याने बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले, त्याची शुश्रूषा केली. येथवर सर्वांना आठवते. दुसऱ्या दिवशी त्याने मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले, अधिक खर्च झाल्यास परतताना देईन असे सांगितले आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याचे प्रेम उणे झाले काय?

तेव्हा दिवसा मदतनीस ठेवणे, आठवड्यातील काही रात्री मुलाने किंवा लेकीने वाटून घेणे, यात कसलाही कमीपणा नाही.

आणि ज्येष्ठहो, परक्या हातांनी अंग पुसून घेताना संकोच वाटतो, हे खरे. प्रभू येशू पाय धुऊ लागले तेव्हा पेत्रही प्रथम नको म्हणाला होता. ‘मला सूनबाईच हवी’ हा हट्ट एखाद्या रात्री सोडून पाहा. तिला सलग सात तास झोप मिळू द्या.

आज रात्री दोनची पाळी कोणाची, हे जेवणापूर्वीच ठरवून घ्यावे.