वरचे दात आणि मामाचे आयुष्य

बाळाचे वरचे दात आधी आले की मामाला वाईट, ही समजूत आपल्या वस्त्यांतून अजून गेलेली नाही. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, आणि त्याच घरात मामाला भाच्याचे तोंड पाहू देत नाहीत, उतारा काढतात. त्या आईची अवस्था काय होत असेल? एका बाजूला लेकरू, दुसऱ्या बाजूला पाठचा भाऊ. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. त्यांच्याच या दोन जिल्ह्यांत सहा-आठ महिन्यांच्या पोराला अपशकुनी ठरवले जावे, याची आम्हाला लाज वाटते.

तेव्हा दात तयार कसा होतो ते नीट पाहू.

दात हिरडीतून दिसतो तेव्हा त्याच्या घडणीला सुरुवात होऊन वर्ष उलटलेले असते. गर्भ सहा आठवड्यांचा असतानाच जबड्यात बाहेरच्या थराच्या पेशी आतल्या थरात शिरू लागतात. दोन्ही थर एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात. बाहेरच्या थराच्या निरोपावाचून आतल्या पेशी दाताचे हाड, म्हणजे डेंटिन, घालत नाहीत. आणि डेंटिन पडल्यावाचून बाहेरच्या पेशी वरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, घालायला लागत नाहीत. एकाच्या असण्याने दुसरे होते, हे धम्म जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. 1970 साली कोलार आणि बेअर्ड या शास्त्रज्ञांनी उंदराच्या गर्भातला दाताचा आतला थर घेऊन पायाच्या कातडीशी जोडला. तिथे दात तयार झाला! यात मामा कुठे आला?

पेशी एकदम दगड तयार करत नाहीत. आधी स्वतःभोवती प्रथिनांचा मऊ साचा घालतात आणि त्यात कॅल्शियम, फॉस्फरस भरत जाते. आपले बांधकामावरचे भाऊ स्लॅबला सेंट्रिंग ठोकतात, तसेच. इनॅमल भरत आले की साच्याची प्रथिने बहुतेक काढून टाकली जातात. पण पुढे फरक आहे. स्लॅब गळला तर गवंड्याला परत बोलावता येते. इनॅमल घालणाऱ्या पेशी दात वर येताना संपून जातात. म्हणून घडताना राहिलेली उणीव पुढे भरून निघत नाही.

दुधाच्या दातांत क्षार भरणे गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात सुरू होते. पहिल्या कायमच्या दाढेचे काम जन्माच्या सुमारास, पुढच्या कायमच्या दातांचे त्यानंतर काही महिन्यांनी. त्या काळात आईची उपासमार, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळाचा मोठा ताप किंवा जुलाब झाले, तर इनॅमलवर खड्डे, रेघा राहू शकतात. जन्माचीसुद्धा एक बारीक रेघ दुधाच्या दातात उमटते, सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. माण, आटपाडी, जत भागात सातव्या महिन्यापर्यंत रानात राबणाऱ्या बायका आम्ही पाहतो. वरचा दात की खालचा याची चर्चा करणाऱ्या घराने त्या बाईच्या ताटात काय पडते ते बघावे. आणि मिश्री! तंबाखू जाळून केलेली ती पूड गरोदरपणात लावली तर मूल कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. सासूबाईंनी आधी आपली डबी टाकावी, मग सुनेला सांगावे.

आणखी एक. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या गरोदर बाईने किंवा आठ वर्षांखालील मुलाने घेतल्या तर घडत्या दातांवर पिवळे-करडे डाग कायमचे बसतात. मेडिकलवाल्याकडून मनाने गोळी आणू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या मात्र चुकवू नयेत.

बहुधा खालचे दोन दात आधी येतात, काहींचे वरचे येतात. दोन्ही ठीक. दीड वर्ष झाले आणि एकही दात नाही, तर डॉक्टरला दाखवावे. कराडला आणि सांगलीला दंत महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. जाताना मामाला बरोबर न्यायला हरकत नाही.