भिलाईतील ख्रिस्ती शाळा : दोन भाषा आणि एका हक्काची कसोटी

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर पोलाद कारखान्यामुळे उभे राहिले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, ओडिशा आणि महाराष्ट्रातील कुटुंबे एकाच वसाहतीत शेजारी राहू लागली. या शहराला ‘मिनी इंडिया’ म्हटले जाते ते त्यामुळेच.

अशा वसाहतीत मुलांनी कोणत्या भाषेत शिकायचे, हा प्रश्न पहिल्या पिढीलाच पडला होता. घरात मल्याळम, तेलुगू किंवा मराठी, रस्त्यावर हिंदी, आसपासच्या खेड्यांत छत्तीसगढी आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांत इंग्रजी अशी परिस्थिती होती. त्यातून हिंदी आणि इंग्रजी या दोन भाषांचा व्यवहार्य तोडगा निघाला. बालवाडीपासून माध्यमिक वर्गांपर्यंत या दोन्ही भाषांत शिकवणारी ख्रिस्ती शाळा त्या गरजेला उत्तर देते. मात्र आज अशा शाळेपुढे भाषेइतकाच अल्पसंख्याक हक्काचाही प्रश्न उभा आहे.

मिशनच्या शाळांचा वारसा

छत्तीसगडमधील ख्रिस्ती शिक्षणकार्य भिलाईपेक्षा जुने आहे. जर्मन मिशनरी ऑस्कर लोहर यांनी १८६८ मध्ये विश्रामपूर येथे केंद्र स्थापन केले. १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशन धमतरीला आले ते दुष्काळाच्या काळात. त्यामुळे अनाथ मुलांचा सांभाळ आणि त्यांचे शिक्षण हे त्यांचे पहिले काम ठरले. या शाळांचे विद्यार्थी ग्रामीण आणि बव्हंशी गरीब होते.

भिलाईत मात्र चित्र बदलले. केरळीय कुटुंबांबरोबर आलेल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स सीरियन चर्चने येथे शाळा चालवल्या. १९८४ मध्ये सेंट थॉमस महाविद्यालयही सुरू झाले. येथील पालक नोकरदार होते आणि त्यांना शिस्त, इंग्रजी व स्पर्धा परीक्षांतील यश हवे होते. खेड्यातील मिशनशाळा आणि शहरातील इंग्रजी शाळा यांच्यात पडलेले हे अंतर आजच्या वादाच्या मुळाशी आहे.

संशयाचे वातावरण

धर्मांतराचा वाद या प्रदेशाला नवा नाही. छत्तीसगडचा भाग जुन्या मध्य प्रांतात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ मध्ये मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. पुढे मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा केला आणि राज्यनिर्मितीनंतर छत्तीसगडने तो स्वीकारला.

२५ जुलै २०२५ रोजी भिलाईलगतच्या दुर्ग रेल्वेस्थानकावर केरळच्या दोन जोगिणींना मानवी तस्करी आणि सक्तीच्या धर्मांतराच्या आरोपांवरून अटक झाली. २ ऑगस्ट रोजी बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. शाळांशी या प्रकरणाचा थेट संबंध नव्हता. तरीही अशा प्रत्येक घटनेनंतर ख्रिस्ती संस्थेच्या फाटकाकडे पाहण्याची नजर बदलते.

आकडे पाहिले तर धर्मांतराचे साधन म्हणून शाळेकडे बोट दाखवणे कठीण जाते. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमधील ख्रिस्ती लोकसंख्या १.९२ टक्के होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी बिगरअल्पसंख्याक समाजांतील होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. ही तरतूद प्रवेशाच्या वेळीच पालकांना हिंदीत समजावून सांगितली आणि संमती लेखी घेतली, तर बराचसा संशय दूर होऊ शकतो.

हक्क कोणासाठी ?

अधिक अवघड प्रश्न याच अभ्यासातून पुढे येतो. अल्पसंख्याक शाळांत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थी केवळ ८.७६ टक्के असल्याचे आयोगाला आढळले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी राखून ठेवल्या. मात्र ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा अनुच्छेद ३० मधील हक्क हा त्या निर्णयाचा आधार होता. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आणि तो फेरविचारासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

न्यायालयाचा अंतिम निर्णय काहीही असो, शाळेला स्वतःला एक प्रश्न विचारावाच लागेल. ज्या हक्काच्या आधारे ती उभी आहे, त्याचा लाभ शेजारच्या खेड्यातील ख्रिस्ती वा आदिवासी मुलाला मिळत नसेल, तर त्या हक्काचे नैतिक बळ कितपत उरते?

भाषेची खरी कसोटी

या प्रश्नाचे एक उत्तर भाषेत दडलेले आहे. महाराष्ट्रात ‘सेमी इंग्रजी’ म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. या विभागणीत इंग्रजी ज्ञानाची आणि मातृभाषा केवळ व्यवहाराची, असा समज मुलाच्या मनात रुजण्याचा धोका असतो. भिलाईतही हिंदी हा एक विषय आणि इंग्रजी हे माध्यम एवढेच चित्र असेल, तर त्याला द्विभाषिक शिक्षण म्हणता येणार नाही. गणिताची संकल्पना मुलाला कळणाऱ्या भाषेत समजावणे, ती इंग्रजीत मांडायला शिकवणे आणि दोन्ही भाषांतील उत्तर ग्राह्य धरणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जुलै २०२३ मध्ये भारतीय भाषांचा पर्यायी माध्यम म्हणून वापर करण्यास आपल्या शाळांना मुभा दिली. दुसरीकडे, माध्यमाची सक्ती सरकारला करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे वाट मोकळी आहे, निर्णय शाळेच्या हाती आहे.

स्पर्धाही वाढली आहे. छत्तीसगड सरकारने २०२० मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावाने मोफत इंग्रजी शाळांची योजना सुरू केली. केवळ इंग्रजीच्या आकर्षणावर शुल्क घेणाऱ्या शाळेला हे आव्हान आहे. ज्या छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, ती बोलणारे मूल बालवाडीत आल्यावर गप्प होत असेल, तर हिंदी-इंग्रजीचे द्विभाषिकत्वही त्याच्यासाठी अपुरे ठरते.

कारखान्याने नाना भाषा बोलणाऱ्या माणसांना एका शहरात आणले. त्यांच्या मुलांना एका बाकावर बसवण्याचे काम शाळेचे होते आणि आजही आहे. अल्पसंख्याक हक्काचे रक्षण न्यायालय करील, परंतु त्या हक्काविषयीचा आदर समाजाच्या मनात टिकवायचा असेल, तर त्या बाकावर गरीब मुलालाही जागा मिळाली पाहिजे आणि त्याची भाषाही वर्गात ऐकू आली पाहिजे.