थर्मासमधलं रक्त

निळा थर्मास. आत वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि रक्ताच्या दोन कुप्या, त्यातली एक फुटलेली. १९७६ च्या सप्टेंबरात हे पार्सल आजच्या काँगोतल्या किन्शासाहून साध्या प्रवासी विमानाने बेल्जियममधल्या अँटवर्पला पोचलं. ते उघडणाऱ्यांत पीटर पिओट हे २७ वर्षांचे संशोधक होते. त्या रक्तात सापडलेला विषाणू म्हणजे इबोला. ‘इबोला शोधणारे’ म्हणून पुढे पिओट यांचं नाव जगभर झालं.

काँगोतल्या त्या साथीतले पहिले नमुने घेतले कोणी? जाँ-जाक मुयेम्बे यांनी. बेल्जियममध्येच शिकून मायदेशी परतलेले हे विषाणुतज्ज्ञ साथीच्या ठिकाणी, यांबुकूच्या मिशन इस्पितळात पोचले, तेव्हा हातमोजेसुद्धा नव्हते. सुई काढली तरी रुग्णांचं रक्त थांबेना, बोटं माखली. साबणाने हात धुऊन त्यांनी काम चालू ठेवलं. ते वाचले हेच नवल. पण शोधाच्या गोष्टीत त्यांना कित्येक वर्षं जागा नव्हती.

अँटवर्पची प्रयोगशाळा मदतीला होती म्हणून विषाणू लवकर ओळखता आला, हे कबूल. परदेशी विद्यापीठांनी येऊच नये, असं कोणी म्हणत नाही. पण नमुना गेला की त्याच्यावरचा हक्कही जातो, दुखणं तेवढं मागे उरतं. इंडोनेशियाने २००७ च्या सुमारास बर्ड फ्लूचे नमुने द्यायचं थांबवलं, ते याच रागातून: विषाणू आमचा, आणि त्याच्यावरची लस आम्हालाच परवडू नये? आडमुठेपणा म्हणून टीका झाली. पण २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नमुने आणि लाभ यांच्या वाटणीची चौकट ठरली, ती त्या आडमुठेपणामुळेच.

मुयेम्बे मात्र थांबले नव्हते. १९९५ मध्ये काँगोतल्याच किक्विटमधल्या इबोलाच्या साथीत त्यांनी बरे झालेल्यांचं रक्त आठ रुग्णांना दिलं. सात जगले. ‘हा काही पुरावा नव्हे’, असं परदेशी तज्ज्ञांचं म्हणणं पडलं; शास्त्राच्या काट्यावर ते चूकही नव्हतं. पण त्याच साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून अमेरिकी शास्त्रज्ञांच्या साथीने इबोलावरचं औषध तयार झालं. त्याची चाचणी काँगोतच झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. भागीदारी म्हणायची ती याला.

इबोलाचे नमुने यापुढे काँगोतच राहतील, हे मुयेम्बे यांनी २०१९ मध्ये जाहीर करून टाकलं. अभ्यास करायचाय, तर इथे या.

सार्वजनिक आरोग्य शिकायला परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींनीही कुठल्या प्रकल्पावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: नमुने कुठे राहणार, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं?