पानी आणि पाणी

परवा आमच्या मुरुडच्या कोळीवाड्यातली एक मुलगी कॉलेजची वही घेऊन आली. बी.ए.चं पहिलं वर्ष, निबंध नारळी पौर्णिमेवर. होड्या, जाळी, उधाण सगळं डोळ्यांसमोर उभं केलेलं. पण पानभर लाल शाई! 'पानी' नव्हे 'पाणी', 'गारी' नव्हे 'गाडी'. खाली शेरा : 'भाषा अशुद्ध'. मजकुराबद्दल एक अक्षर नाही.

"सर, मी आता लिवनार नाय," ती म्हणाली.

राग आला. लाजही वाटली, कारण हीच शाई मी जन्मभर वापरली.

अहो, शुद्ध म्हणजे काय? लहानपणी मी 'नांव' लिहायला शिकलो. १९६२ च्या लेखननियमांनी तो अनुस्वार गेला. म्हणजे माझे आधीचे गुरुजी अशुद्ध होते? बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या घरच्या बोलीतल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. तिथे अभिमान आणि इथे लाल शाई?

प्रमाणभाषा शिकवूच नये, असं मी म्हणत नाही. कसून शिकवावी, अर्ज, परीक्षा, नोकरी तिच्यावाचून अडतात. पण घरची भाषा पुसून नव्हे, तिच्या शेजारी बसवून.

मुलीला म्हटलं, डावीकडे घरचं लिही, उजवीकडे पुस्तकी. फरक तूच शोध. अर्ध्या तासात म्हणाली, "सर, आमच्यात 'ण'चा 'न' होतो, 'ड'चा 'र'. नियमच हाय की!"

हेच कॉलेजने तिला सांगायला हवं होतं.