मोजायचे काय, हे कोण ठरवणार?

भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचे पोट त्याच्या बोटांवर चालते. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेली दोन टोके चिमटीत धरायची, गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, त्यामुळे माग थांबला की मजुरीही थांबते. अशा एखाद्या कारागिराला औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला, असे धरू. त्यावर आज जे उपचार आहेत, त्यांतले लिनेझोलिड हे महत्त्वाचे औषध आहे. ते जीव वाचवते, पण अनेकांच्या हातापायांच्या नसांना इजा करते. बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. काहींचा तो औषध थांबल्यावरही लवकर जात नाही. उपचार संपतात, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि कागदावर ‘उपचार यशस्वी’ अशी नोंद होते. हा माणूस कारखान्यात परत येतो, तेव्हा धागा त्याच्या चिमटीत येत नाही.

हा उपचार यशस्वी झाला का? डॉक्टर हो म्हणतील, आणि त्यांच्या मोजपट्टीवर ते बरोबरच आहे. प्रश्न आहे तो ती मोजपट्टी कोणी बनवली हा. माझे म्हणणे एवढेच आहे की संशोधनात आणि आरोग्यसेवेच्या सुधारणेत काय मोजायचे हे ठरताना रुग्ण तिथे बसलेला हवा. सगळे ठरून गेल्यावर संमतिपत्रावर अंगठा किंवा सही देण्यापुरते त्याला बोलावणे, ही भागीदारी नाही.

यावरचा सर्वांत जुना आक्षेप असा: वैद्यकशास्त्र हा वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचा विषय आहे. सातवी शिकलेल्या कारागिराला त्यातले काय कळणार? एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, विज्ञान आकड्यांवर चालते. हा आक्षेप प्रामाणिक आहे, तो धुडकावून लावण्यात शहाणपण नाही. कुठले औषध जंतू मारते हे रुग्णाला विचारून ठरत नाही, ते प्रयोगानेच ठरते. पण आकड्यांवर चालणाऱ्या विज्ञानालाही आधी एक निवड करावी लागते, ती म्हणजे कशाचे आकडे गोळा करायचे. तिथे पदवीपेक्षा अनुभवाचा अधिकार मोठा असतो, कारण आजार जगण्यातले काय काय हिरावून नेतो हे ज्याचे जाते त्यालाच ठाऊक असते.

लिनेझोलिडचेच पाहा. दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांवर झालेल्या ‘निक्स-टीबी’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दहापैकी नऊ रुग्ण बरे झाले, पण ८१ टक्क्यांना नसांचा त्रास झाला. तेव्हा रोजची मात्रा १२०० मिलिग्रॅम होती. पुढच्या ‘झेनिक्स’ अभ्यासात ही मात्रा आणि तिचा कालावधी कमी-जास्त करून पाहिला गेला. सहा महिने रोज ६०० मिलिग्रॅम दिल्यावर ९१ टक्के रुग्ण बरे झाले आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. म्हणजे बोटांचा प्रश्न गंभीरपणे घेतला की औषध न बदलताही उपचार बदलता येतो. भारताने याच औषधांवर आधारलेल्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला २०२४ मध्ये मान्यता दिली. आता ती देशभर राबवताना ‘गाठ मारता येते का, शिलाई मशीनवर सुई ओवता येते का’ हा प्रश्न रुग्णाच्या कार्डावर असावा की नसावा? भिवंडीत बसून मला तरी याचे उत्तर एकच दिसते.

बोटांआधी असाच बळी कानांचा गेला होता. कॅनामायसिनची इंजेक्शने अनेक वर्षे प्रतिरोधी क्षयरोगावर दिली जात होती. त्यांनी ऐकू येणे कायमचे जाऊ शकते हे वैद्यकाला ठाऊक होते, पण जीव वाचवण्याची ती किंमत मानली गेली. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांनी ती किंमत मोजली. आतड्याच्या क्षयरोगाच्या उपचारात २०१३ मध्ये त्यांची श्रवणशक्ती गेली. त्यांनी ते जाहीरपणे सांगितले आणि सांगत राहिल्या. जगभरच्या अनेक रुग्णांनीही हेच सांगितले. नवी तोंडाने घेण्याची औषधे हाती आल्यावर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असे कळवले. नंदिता एवढ्यावर थांबल्या नाहीत. इंजेक्शनांची जागा घेणाऱ्या बेडाक्विलिनवरची मक्तेदारी लांबवणारा पेटंट-अर्ज जॉन्सन अँड जॉन्सनने केला होता. त्याला त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये भारतात हरकत घेतली. टिसिले यांचीही श्रवणशक्ती याच आजाराच्या उपचारात गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. रुग्णाला काय कळते असे विचारणाऱ्यांनी त्या हरकतीचा मसुदा वाचावा.

आणि भिवंडीत कान हा विषय दुहेरी आहे. कारखाना कायद्याखालच्या नियमांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल ठरवली होती, आणि धोट्याच्या मागांच्या खोलीत आवाज ती ओलांडतो. बारा बारा तासांच्या पाळ्या केलेल्या माणसाचे कान आधीच अर्धे गेलेले असतात. त्याला कानावर परिणाम करणारे औषध दिले, तर नवीन बहिरेपण आणि जुने बहिरेपण वेगळे कसे काढणार? दूरच्या शहरात बसून अभ्यासाचा आराखडा करणाऱ्याला हा प्रश्न सुचणार नाही. मागावरच्या माणसाला तो पहिल्या दहा मिनिटांत सुचेल.

दुसरी बाजू म्हणते, हे सारे आधीच आहे, नवीन काय मागता? नैतिकता समित्यांत सामान्य माणूस असतोच. २०१९ च्या औषधचाचणी नियमांनुसार समितीत किमान सात जण हवेत, त्यांत एक बिगर-वैद्यकीय सामान्य व्यक्ती हवी. खरे आहे. पण सामान्य व्यक्ती म्हणजे रुग्ण नव्हे. ती निवृत्त शिक्षक असू शकते, बँकेतले अधिकारी असू शकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गरजेनुसार रुग्णगटाच्या प्रतिनिधीला घेण्याची सोय आहे, मात्र सोय म्हणजे बंधन नव्हे. शिवाय समितीपुढे अभ्यास येतो तो प्रश्न ठरल्यानंतर, पैसा मिळाल्यानंतर. तिथे संमतिपत्रातले वाक्य बदलता येते. मूळ प्रश्न बदलायला तोवर फार उशीर झालेला असतो.

क्षयरोग कार्यक्रमात बऱ्या झालेल्या रुग्णांना ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून तयार करतात, जिल्हा पातळीवर क्षयरोग मंचांचीही तरतूद आहे. ही चांगली पावले आहेत, ती मी कमी लेखत नाही. पण या माणसांकडून बहुतेक वेळा जनजागृतीचे काम घेतले जाते. वस्तीत जा, घाबरू नका म्हणून सांगा. म्हणजे निरोप वरून खाली न्यायला ते हवेत. खालचा निरोप वर न्यायची वाट त्यांना कोण देणार?

भिवंडीबद्दल एक खास आक्षेप घेतला जातो, तोही ऐकून घेऊ. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती, आणि तिचा मोठा भाग बाहेरून आलेला. उत्तर प्रदेश, बिहारचे अन्सारी-मोमीन, तेलंगणचे पद्मशाली, शिवाय इथले जुने रहिवासी. कोणी उर्दू बोलतो, कोणी तेलुगू, कोणी भोजपुरी. लोक सणाला, लग्नसराईला मुलूखला जातात. अशा फिरत्या माणसांतून भागीदार कुठून आणणार?

मला वाटते, हे कारण उलट बाजूने वाचायला हवे. मुलूखला जाणे हाच तर उपचार मध्ये तुटण्याचा एक मोठा रस्ता आहे. ते कधी जातात, किती दिवस, तिकडे औषध कुणाकडून घेता येईल, गोळ्या सोबत किती दिल्या तर पुरतील, हे त्यांना विचारल्याखेरीज कळणार कसे? वर्षानुवर्षे अशा रुग्णाला इंग्रजीत ‘डिफॉल्टर’ म्हटले गेले, कर्ज बुडवणाऱ्यासाठी वापरतात तो शब्द. तपासणीला आलेला ‘सस्पेक्ट’ ठरला, म्हणजे पोलिस ठाण्यातला. रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या भाषेला हरकत घेतली आणि २०१३ च्या व्याख्यांत जागतिक आरोग्य संघटनेने हे दोन्ही शब्द काढून टाकले. शब्द बदलल्याने काय होते, असे कोणी म्हणेल. दोष माणसात शोधायचा की दवाखान्याच्या वेळांत, हे शब्दच ठरवतात.

आणि भागीदार म्हणजे फक्त रुग्णच का? भिवंडीत कारागिरांच्या भिशी असतात, महिन्याच्या हिशेबावर जेवण देणाऱ्या खाणावळी. त्यांतल्या कितीतरी बायका चालवतात. रोज त्याच माणसाला वाढणाऱ्या बाईला त्याची भूक मेलेली आणि ताटात उरलेली रोटी कुठल्याही तपासणीआधी दिसते. क्षयरोग लवकर कसा ओळखावा यावर या शहरात अभ्यास करायचा असेल, तर आराखड्याच्या बैठकीत तिची खुर्ची मला हवी आहे.

वेळ जातो, खर्च वाढतो, हे मान्य. चुकीचा प्रश्न घेऊन पाच वर्षे केलेला अभ्यास मात्र त्याहून महाग पडतो.

महाराष्ट्राला हे काही परके नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांचे दुखणे बायकांकडून ऐकले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के होत्या. तोवर गावातल्या स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असे धरले जाई. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. तोही निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला.

आपल्याच ठाणे जिल्ह्याचे उदाहरण आणखी जवळचे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातल्या ज्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यांत ठाणे होते. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यभर त्याचा समन्वय केला. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्यकेंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून सांगितले की औषध बाहेरून आणायला लावतात, नर्सताई येत नाहीत. अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागे. पण ती रचना खेड्यांसाठी होती. महानगरपालिकेच्या दवाखान्याला लाल रंग देण्याची संधी भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला तिच्यातून मिळाली नाही.

एका धोक्याकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. एखादा चांगले बोलणारा, शिकलेला रुग्ण निवडायचा, त्याला सगळ्या बैठकांना न्यायचे, फोटो काढायचा आणि भागीदारी झाली म्हणायचे, असे होऊ शकते, होतेही. त्यावर उपाय म्हणजे माणसे अनेक घ्यावीत, आलटून पालटून घ्यावीत, आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्यावी. डॉक्टरांचा पगार बैठकीतही चालू असतो, कारागिराचा माग बंद असतो. फुकट बोलावलेला माणूस एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही, आणि मग आपणच म्हणू की त्यांना रस नाही.

म्हणून भिवंडीसाठी माझी मागणी साधी आहे. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात आणि पालिकेच्या क्षयरोग केंद्रांवर उपचार घेतलेल्यांपैकी दहा-बारा जणांचा गट करावा. त्यात मागावरचे कारागीर असावेत, कांड्या भरणाऱ्या बायका असाव्यात, एक-दोन भिशीवाल्या असाव्यात. बोलणे उर्दू, तेलुगू, मराठी, ज्याला जी येते तिच्यात चालावे आणि तसेच नोंदवले जावे. शहरात क्षयरोगावर कुठलाही नवा अभ्यास किंवा योजना येईल, तेव्हा पैसा मंजूर होण्याआधी ती या गटापुढे यावी. गटाने सुचवलेले जे घेतले नाही, ते का घेतले नाही, याचे लेखी उत्तर त्यांना मिळावे. आणि बैठक शुक्रवारी ठेवावी, कारण त्या दिवशी बरेच कारखाने बंद असतात.