जुगाड म्हणू नका

जुगाड हा शब्द मला खुपतो. शहरातली पोरं हरसूलला येतात, माझ्या पडवीत भिंतीला टांगलेली हत्यारं बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि म्हणतात, "बाबा, काय भारी जुगाड केलाय!" त्यांच्या मनात वाईट काही नसतं, कौतुकच असतं. पण जुगाड म्हणजे तार गुंडाळून वेळ मारून नेणं. भिंतीवर आहे ते मापानं घडवलेलं हत्यार आहे. ते दुकानात विकत मिळायला पाहिजे होतं, मिळालं नाही म्हणून घडवावं लागलं. यात कौतुक कुणाचं आणि लाज कुणाला वाटायची, ते आधी ठरवा.

लायनर ओढायचा पुलरच घ्या. जुन्या इंजिनाचा लायनर वर्षानुवर्षं ब्लॉकमध्ये बसून गंजानं धरलेला असतो. तो काढायला खालून एक लोखंडी चकती लावतात. चकती लायनरच्या आतल्या मापापेक्षा मोठी पाहिजे, म्हणजे ती त्याच्या खालच्या कडेला धरते. आणि बाहेरच्या मापापेक्षा थोडी लहान पाहिजे, नाहीतर ती ब्लॉकलाच अडकते. मग ती आतून खाली जाणार कशी? म्हणून तिच्या दोन बाजू सपाट कापायच्या, ती तिरपी करून उतरवायची आणि खाली गेल्यावर आडवी करायची. मधून लांब आट्याचा बोल्ट, वर ब्लॉकवर आडवी पट्टी, पट्टीवर नट. नटाखाली एक जुनी दाबाची बेअरिंग टाकली की नट घासत नाही आणि निम्म्या जोरात लायनर वर येतो. चकती सातपूरच्या लेथवर कातून घेतली. बोल्ट साध्या लोखंडाचा चालत नाही, आटे पिळून निघतात. त्याला ईएन-8 ची सळई लागते. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा दांडा मात्र आमच्या लोहारानं ट्रकच्या जुन्या पाट्यातून ठोकून दिला, त्याला आजवर बाक आला नाही. सांगा, यात जुगाड कुठं आहे?

पुलर नसला की मिस्तरी काय करतो? खालून लाकडी ठोकळा लावतो आणि घण मारतो. लायनर निघतो, पण कधी कधी ब्लॉकमधली त्याची बैठकही तडकते. मग ब्लॉक भंगारात. एका चकतीवाचून अख्खं इंजिन जातं.

पान्यांचं दुखणं वेगळंच. 1963 साली महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्यांचा बी-275 हा मूळ इंग्लंडात बनणारा ट्रॅक्टर. असल्या इंग्रजी-अमेरिकी घराण्यातल्या इंजिनांचे बोल्ट इंचाचे. आज बाजारात पाने सगळे मिलिमीटरचे. 9/16 इंच म्हणजे 14.3 मिलिमीटर. 14 चा पाना जात नाही, 15 चा घसरतो आणि बोल्टाचं डोकं गोल करून ठेवतो. मग छिन्नी येते. आमच्या भागातल्या एका मिस्तरीचं बोट असंच गेलं.

हेड आवळायला टॉर्कचा पाना लागतो. आमच्याकडं एक मीटरचा पाइप आहे आणि भात मोजायचा हुकाचा स्प्रिंगकाटा. पाइप पान्याला जोडायचा, टोकाला काटा अडकवायचा आणि काटकोनात ओढायचं. काट्यावर 10 किलो आले की बोल्टावर 10 किलो-मीटर. दहावीपर्यंत शिकलो त्यातलं हे एवढं गणित आयुष्यभर पुरलं.

आता विरोधातले लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. पहिलं म्हणणं, "जुना विका, नवा घ्या, बँक कर्ज देते." बँक देते हो, पण फेडायचं कशातून? आमच्याकडं ट्रॅक्टरला काम किती? चिखलणीचे पंधरा-वीस दिवस, थोडी मळणी, थोडं भाडं. भात, नागली, वरई आणि खुरासणीचा हा मुलूख. एक पाऊस गेला की निम्मा गाव दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातो. असल्या ठिकाणी जुनाच ट्रॅक्टर परवडतो. आणि आवणीचं रोप तीन आठवड्यांचं झालं की कुणासाठी थांबत नाही.

दुसरं म्हणणं शोरूमचं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण भांडण एकीशी नाही. मी हत्यार मागितलं तर म्हणाले, "स्पेशल टूल विकायला नसतं, गाडी इकडं आणा. अडाणी माणसानं वापरलं तर इजा होईल." उघडं इंजिन टेम्पोत घालून घाटातून नाशिकला न्यायचं आणि त्याचं भाडं कोण देणार, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि इजा? ती हत्यार दिल्यानं होते की न दिल्यानं, हे त्या मिस्तरीच्या बोटाला विचारा. काम तो करणारच आहे, त्याच्यावर पोट आहे.

बरं, ज्यांची कंपनीच उरली नाही त्यांनी गाडी कुठं न्यायची? एचएमटीचे ट्रॅक्टर 1971 पासून पिंजोरला बनत होते. 2016 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं ते काम बंद करायला मंजुरी दिली. कारखाना बंद झाला, शेतातले ट्रॅक्टर नाही झाले. हा तर सरकारी कारखाना होता. कुलूप लावताना हत्यारांची ड्रॉइंग लोकांसाठी खुली करायला किती खर्च आला असता? कागदाचाच ना?

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये समिती नेमली, त्यात शेतीची यंत्रंही आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं तर 2023 मध्ये कायदाच केला, की शेतकऱ्याला सुटे भाग, हत्यारं आणि माहितीपुस्तकं द्यावीच लागतील. तिथला शेतकरी शेकडो एकरांचा, तरी त्याला कायदा लागला. आमच्या दोन एकरवाल्याला मात्र कौतुकावर भागवतात!

माझं मागणं मोठं नाही. ट्रॅक्टर विकायचा बंद केला की कंपनीनं त्याच्या हत्यारांची मापं जाहीर करावीत. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स आहे. तिथल्या पोरांकडून एकेक पुलर कातून घ्यावा आणि तालुक्याला एक संच ठेवावा, भाड्यानं द्यावा. लग्नाची भांडी भाड्यानं मिळतात, तर पुलर का मिळू नये?

तोवर माझी वही आहे. चौदा हत्यारांची मापं तिच्यात काढलेली आहेत. ज्याला हवी त्यानं हरसूलला यावं आणि झेरॉक्स काढून न्यावी, पैसे नकोत. फक्त पुलरची चकती पाहिजे असेल तर आपला लायनर आतून-बाहेरून मोजून आणावा. अंदाजानं सांगणाऱ्याला मी चकतीचं माप देत नाही.