मापनाचा धडा घाईने उरकू नये

रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात मापनाचा धडा आरंभीच येतो आणि बहुतेक शाळांत तो दोन तासिकांत संपतो. एककांचा तक्ता पाठ होतो, ज्याला वस्तुमान असते व जे जागा व्यापते ते द्रव्य, ही व्याख्या वहीत उतरते आणि वर्ग अणूकडे वळतो. आम्ही इतिहासाचे शिक्षक. या विषयात बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. परंतु हा धडा मुळात इतिहासाचाही आहे, आणि त्याची अशी बोळवण होणे आम्हांस मान्य नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील कित्येकांनी मजुरीचे धान्य पायलीने आणि शेराने घेतले. पायली मालकाची, मोजणारा हातही मालकाचा. देताना सपाट माप आणि परत घेताना शीग लावून माप, एवढ्या फरकानेच वर्षाचे धान्य कमीअधिक होई. मणाची कथा तर विलक्षणच आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबईचा मण 28 पौंडांचा, मद्रासचा 25 पौंडांचा, आणि बंगालचा 82 पौंडांहून अधिक. शब्द एकच, पण तो उच्चारणारा कोणत्या बाजारात उभा आहे, यावर त्याचा अर्थ ठरे. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती हिशेब, हे ज्यांनी भोगले त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

फ्रान्समध्ये याहून वेगळे नव्हते. तेथेही जमीनदाराचे माप जमीनदाराच्या ताब्यात असे, आणि 1789 साली गावोगावच्या तक्रारवह्यांतून जी गाऱ्हाणी वर गेली त्यांत सर्वत्र एकच माप असावे ही मागणी पुनःपुन्हा आढळते. त्यातून मीटर आणि किलोग्रॅम जन्मास आले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. वितळणाऱ्या बर्फाइतक्या थंड अशा एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन म्हणजे ग्रॅम, असे 1795 च्या कायद्याने ठरले. कोणा राजाच्या हाताची लांबी नव्हे, तर पृथ्वी आणि पाणी हे प्रमाण! भारतात वजने व मापे यांच्या प्रमाणांचा कायदा 1956 साली झाला आणि 1958 पासून मेट्रिक वजने बाजारात येऊ लागली. आज विद्यार्थी ‘किलो’ हा शब्द सहज उच्चारतो, त्यामागे एवढा मोठा झगडा आहे.

पाण्याचे हे वजन ठरविण्याच्या कामात आरंभी आंत्वान लाव्हाझिए हे रसायनशास्त्रज्ञ होते. (हेच गृहस्थ राजाची करवसुली मक्त्याने घेणाऱ्या मंडळीतील एक भागीदारही होते, आणि त्यापायी 1794 साली त्यांचा शिरच्छेद झाला. इतिहास माणसाला एकाच रंगात रंगवू देत नाही.) त्यांचा एक प्रयोग आम्हांस प्रत्येक वर्गात सांगावासा वाटतो. पाणी पुष्कळ काळ उकळले की त्याची माती बनते, असा त्या काळी समज होता. आणि पात्राच्या तळाशी खरोखरच गाळ साचलेला दिसे. म्हणजे डोळ्यांचा पुरावा समजाच्या बाजूने! लाव्हाझिए यांनी 1768 मध्ये बंद काचपात्रात पाणी उकळत ठेवले, ते 101 दिवस. गाळ दिसू लागला. परंतु त्यांनी आधी पात्र तोलले होते आणि नंतरही तोलले. पाण्यासकट पात्राचे एकूण वजन बदलले नव्हते. रिकाम्या पात्राचे मात्र घटले होते, आणि गाळाचे वजन जवळपास त्या घटीइतके भरले. माती पाण्यातून झालेली नव्हती, ती काचेतून सुटली होती. दोन आकड्यांत थोडी तफावत राहिली, तीही त्यांनी लपविली नाही.

द्रव्याचे स्वरूप व्याख्येने कळत नाही, ते असे कळते. आमच्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने 100 ग्रॅम पाणी आणि 10 ग्रॅम मीठ स्वतः तोलून एकत्र करावे. मीठ दिसेनासे होते. तराजू मात्र 110 ग्रॅमच दाखवितो. आता आकारमान पाहावे, तर ते पाणी व मीठ यांच्या बेरजेपेक्षा किंचित कमी भरते. वस्तुमानाची बेरीज जुळते आणि आकारमानाची जुळत नाही, हे ज्याने एकदा पाहिले त्याला द्रव्य सूक्ष्म कणांचे आहे व त्यांच्यात जागा असते, हे पटविण्यास फार शब्द लागत नाहीत.

मोजपात्र वाचणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. पाण्याची कड काचेलगत वर चढते. डोळा समपातळीवर आणून मधला खोल भाग वाचावा लागतो. पात्रावर एकेक मिलिलीटरच्या खुणा असतील तर 24.3 लिहिता येते, त्यातील शेवटचा 3 हा अंदाज असतो. 24.317 लिहिणे ही फुशारकी ठरते. तीन मुलांची तीन उत्तरे आली तर तिन्ही फळ्यावर यावीत. पुस्तकातील उत्तराशी जुळावे म्हणून खोडरबर चालविणारा विद्यार्थी गुण मिळवील, पण त्याला मापन आले असे आम्ही म्हणणार नाही. आणि तसे करावयास सुचविणाऱ्या शिक्षकाविषयी तर न बोललेलेच बरे.

निवासी शाळेत या कामाला वेळ आहे, ही आपली मोठी जमेची बाजू. मुले येथेच राहतात. भटारखान्यात रोज तांदूळ, डाळ मोजली जाते. ती नोंदवही आठवडाभर आठवीच्या वर्गाकडे द्यावी. कोरडा तांदूळ किती आणि शिजलेला भात किती, मधले वजन कोठून आले, याचा शोध त्यांनी घ्यावा. प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटातील तराजू वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, बाहेर येणार असेल तर तो असून नसल्यासारखाच.

माजी विद्यार्थी शाळेला काय द्यावे असे विचारतात. पंखे, भिंतीवरची घड्याळे, कमानी पुष्कळ येतात. शंभरांश ग्रॅमपर्यंत तोलणारे चार-पाच तराजू आणि दोन डझन मोजपात्रे आली, तर आठवीच्या एका तुकडीतील प्रत्येक मुलाच्या हाती ती एकदा तरी पडतील. देणगीदाराचे नाव तराजूवर कोरावयाचे असेल तर आधी कोरावे आणि मग शून्य जुळवावे.